डोंगरापलीकडचा हिंदुस्थान

सोमवार, २ फेब्रुवारी १९८७

या घटकेस मी दिल्लीत उतरत असावे, अशी थॉर्नबेकमधील प्रत्येकाची समजूत आहे. प्रत्यक्षात मी मिलबर्न गावातील भाड्याच्या एका खोलीत, न तापणाऱ्या शेगडीसमोर, कोट न काढता बसले आहे. थॉर्नबेक येथून आठ मैलांवर आहे. मध्ये एक डोंगर.

झाले ते असे. मँचेस्टरच्या विमानतळावर माझे विमान मला काचेतून स्वच्छ दिसत होते. त्याच्या डाव्या पंखाला थरथर होती. तेथील मुलीला मी कारण विचारले. ती म्हणाली, वारा आहे. उभ्या जागी ज्याचा पंख वाऱ्याने हलतो, त्या यंत्राने हिंदुकुश ओलांडावा, ही अपेक्षा मला शास्त्रीय दृष्ट्या मान्य होईना. माझे नाव तीनदा पुकारले गेले. तिन्ही वेळा ‘क्रॅबट्री’चा उच्चार सदोष होता. मी उठले आणि बस धरली. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही. हा निर्णय होय.

प्रश्न एवढाच की थॉर्नबेकला परत जाता येत नाही. आमच्या प्रवासी मंडळाची मी बावीस वर्षे चिटणीस आहे. इतरांच्या व्याख्यानांतील सनावळ्या, उच्चार आणि नद्यांच्या दिशा मी त्या काळात निमूटपणे दुरुस्त करीत आले. ‘निमूटपणे’ या शब्दाविषयी काहींचे मत वेगळे असू शकेल. यंदा अध्यक्षपद रिकामे झाले. एक उमेदवार मी. दुसरा क्लेमेंट मेटकाफ, ज्याने एकोणतीस देश पाहिले आहेत, बहुतेक बोटीच्या कठड्यावरून. डिसेंबरच्या सभेत त्याने सर्वांदेखत मला विचारले, “डॉक्टर, तुम्ही स्वतः कधी इंग्लिश खाडी तरी ओलांडली आहे का हो?”

लोक हसले. मी त्याच क्षणी हिंदुस्थान जाहीर केला.

५ मार्चला माझे व्याख्यान आहे, ‘मी पाहिलेला हिंदुस्थान’, आणि त्याच सभेत निवडणूक. मी गेलेच नाही हे त्याआधी कळले, तर अध्यक्षपद राहू द्या, टपालकचेरीत तिकीट घ्यायलासुद्धा मला मान वर करून जाता येणार नाही. म्हणून मिलबर्न. थॉर्नबेकचा माणूस मिलबर्नला येत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी क्रिकेटच्या एका सामन्यात मिलबर्नच्या पंचाने जे केले, त्यानंतर हा नियमच झाला आहे. जगात याहून सुरक्षित जागा मला सुचत नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

घरमालकिणीच्या हातचे उकडलेले गाजर आज दुसऱ्यांदा वाढण्यात आले. ते कालचेच होते. मी त्याला ओळखले.

उठून रस्त्यापलीकडे गेले. तेथे ‘स्टार ऑफ मलबार’ नावाचे हिंदुस्थानी खाद्यगृह आहे. भिंतींना लाल मखमली कागद, छताजवळून झिरपणारे सतारीचे सूर, टेबलावर गुलाबी रुमालांचे पंखे. मी आयुष्यात अशा ठिकाणी पाऊल टाकले नव्हते. मालक, तोफज्जुल मिया, पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, अतिशय चकचकीत बुटांचा माणूस. गिऱ्हाईक त्याला ‘टॉफी’ म्हणतात. मी त्याला मियासाहेब म्हणायचे ठरवले. शिष्टाचाराची सुरुवात कोणीतरी केली पाहिजे.

मी माझे नाव पदवीसह सांगितले. त्याने लगेच शेजारची खुर्ची ओढून डावा गुडघा पुढे केला आणि जिना चढताना येथे कळ येते म्हणून सांगितले. मी लॅटिन शिलालेखांची डॉक्टर आहे, असा खुलासा केला. तो जराही खट्टू झाला नाही.

“मग नुसता बघा तरी, डॉक्टरबाई. जुना आहे तोही.”

खाद्यपदार्थांचे कार्ड उघडले आणि मी थक्क झाले. काश्मीर. मद्रास. सिलोन. बंगलोर. मलाया. हे कार्ड नव्हते. हा नकाशा होता. गाजरांच्या या गावात, रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावर, अख्खे उपखंड प्रांतवार मांडून ठेवलेले आणि आजवर कोणीही त्याचा पद्धतशीर अभ्यास केलेला नाही!

विमानाने गेले असते तरी मी तेथे काय केले असते? पाहिले असते, ऐकले असते, खाल्ले असते. पाहणे पुस्तकांत होते. ऐकायला मियासाहेब आहेत. उरलेले येथे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे. रोज एक प्रांत. बारीक टाकाची लेखणी आणली आहे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काश्मीर. कोंबडीच्या रश्श्यात पिकलेली केळी.

इतकी वर्षे मी भूगोलाच्या पुस्तकांवर विश्वास ठेवला. हिमाच्छादित उतारांवर केळीची लागवड होते, हे त्यांपैकी एकातही नाही. मियासाहेबांना विचारले, इतक्या थंडीत केळ टिकते कशी? त्यांनी क्षणभर छताकडे पाहिले.

“बाई, तिथली माणसं टिकतात, मग केळीला काय झालंय?”

उत्तर तर्कशुद्ध आहे. ही जात कणखर असावी, अशी टीप लिहिली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

एक महत्त्वाचा शोध. स्वयंपाकघराचे दार उघडे राहिले होते. आत एका प्रचंड पातेल्यात कांद्याचा पिवळसर रस्सा शिजत होता आणि प्रत्येक प्रांताची सुरुवात त्यातील एका पळीने होत होती. काश्मीर त्यातून, मद्रासही त्यातूनच. हिंदुस्थानच्या एकात्मतेवर विद्वानांनी खंड लिहिले. त्यांपैकी एकाचेही लक्ष पातेल्याकडे गेले नाही. व्याख्यानाचा गाभा सापडला.

इतर निरीक्षणे : तेथील जेवण पापडाने सुरू होते, तेही नुसत्या, सोबत तीन वाट्या चटण्यांच्या. जेवण संपताच यजमान पाहुण्याच्या हातात वाफाळता ओला पंचा ठेवतो आणि पुदिन्याचे चॉकलेट देतो. ही प्रथा फार प्राचीन दिसते.

सायंकाळी माझ्या टेबलाजवळच्या खिडकीबाहेर एक हिरवी टोपी जाताना दिसली. वर तितराचे पीस. माझी शेजारीण डोरीन हॉल्डन, जिच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे, तिच्याकडे नेमकी अशी टोपी आहे. ती टोपी जगात एकदा तयार व्हावी हेच आश्चर्य. दोनदा व्हावी याचा खेद वाटतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सिलोन. नारळ. हे पुस्तकांशी तंतोतंत जुळते. पद्धत निर्दोष असल्याचा याहून भक्कम पुरावा काय हवा?

कोपऱ्यातल्या टेबलावर एक गृहस्थ होता. मी आत शिरताच त्याने कार्ड तोंडासमोर धरले आणि मी निघेपर्यंत खाली ठेवले नाही. माझ्याखेरीज आणखी कोणी इतक्या बारकाईने वाचन करते, हे पाहून बरे वाटले. मी मियासाहेबांना त्याच्याविषयी विचारले.

“ते? डोंगरापलीकडचे साहेब. दर मंगळवारी येतात. कोर्मा घेतात, आमच्यात बारशाला बाळाच्या ओठाला लावतात तेवढा तिखट, आणि त्यानंही डोळे पुसतात. घरी चर्चच्या घंटा वाजवायच्या तालमीला जातो म्हणून सांगतात बिचारे.”

असल्या दुबळ्या वृत्तीचा माणूस थॉर्नबेकमध्ये कोण असावा, मला कल्पना नाही. आमचे घंटावादक सर्व नेमस्त आहेत. मेटकाफसुद्धा, ज्याला त्या तालमीमुळे मंगळवारी समितीच्या बैठकीला कधी येता आले नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

मद्रास. पहिल्या घासानंतर खोलीतील फर्निचर पुसट झाले. मद्रासी लोक मितभाषी असतात, असे कोठेतरी वाचले होते. आता कारण समजले.

मियासाहेबांनी दह्याची वाटी पुढे सरकवली. मी नाकारली. प्रवासात गैरसोयीची तक्रार करणारे लोक मला आवडत नाहीत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

चार दिवस काही लिहिले नाही. शंका येत आहेत. प्रामाणिकपणे नोंदवते.

मी मिलबर्नमध्ये आहे. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते. मी तेहेतीस वर्षे विद्यार्थ्यांना रोमच्या चौकांतून फिरवले, कोणत्या दगडावर काय कोरले आहे हे डोळे मिटून सांगितले आणि रोम पाहिले नाही. दर वेळी काही ना काही कारण होते. वादळ, आजारी आई, संप. कारणे सर्व खरी होती. मी तपासून पाहिली आहेत. आज मात्र काल्पनिक काश्मिराच्या टिपणांत ‘बहुधा’ हा शब्द नऊ ठिकाणी आढळला. अन्य कोणाच्या व्याख्यानात इतके ‘बहुधा’ असते, तर मी काय म्हणाले असते?

जेवायला गेले नाही. गाजर.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

विषण्णतेवर उपाय म्हणून बंगलोरला गेले. कार्डावर सर्वांत खाली ‘बंगलोर फाल’ असे आहे आणि पुढे तीन मिरच्यांचे चित्र.

शेजारच्या टेबलावर गिरणीतले तीन तगडे कामगार बसले होते. त्यांच्यापैकी एकाने फाल संपवण्याची पैज लावली होती आणि तिसऱ्या घासाला तो टेबलावर कपाळ टेकून बसला होता. मी मियासाहेबांना तेच आणायला सांगितले. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

“डॉक्टरबाई, तो पदार्थ खायचा नसतो. तो दुसऱ्याला खायला लावायचा असतो.”

मी आग्रह धरला. कामगारांपैकी एक, लाल केसांचा, खुर्ची वळवून म्हणाला, “आजी, राहू द्या. घरी काय सांगायचं आम्ही?”

‘आजी’ हे संबोधन मी मनात नोंदवले. मग ताठ बसून, काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात धरून, पूर्ण थाळी संपवली. कसे, ते आठवत नाही. लॅटिन क्रियापदांची रूपे मनात चालवीत होते. चौथ्या गणापर्यंत पोहोचले, एवढे स्मरते. शेवटी रुमालाने ओठ टिपले आणि मीठ थोडे कमी आहे, असे सांगितले.

तिघेही उठून उभे राहिले. लाल केसांच्याने टोपी काढली.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अनर्थ. सकाळी पाव आणायला बाहेर पडले, तर दुधवाल्याने गाडी थांबवली आणि “काय बंगलोरबाई, रात्र बरी गेली ना?” असे विचारले. रात्र बरी गेली नव्हती. परंतु तो मुद्दा वेगळा. पाववाल्या बाईंनाही माहीत होते. घरमालकिणीने गाजर न वाढता माझ्याकडे भयभीत आदराने पाहिले.

ही कीर्ती डोंगर ओलांडून गेली तर माझा शेवट आहे. सुदैवाने दोन्ही गावांत बोलणेचालणे नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

आज दुपारी, खाद्यगृह उघडण्यापूर्वीच गेले; काही टिपणे पडताळायची होती. पुढचा दरवाजा नुसता लोटलेला होता. मियासाहेब आणि स्वयंपाकघरातले दोघे जण मागच्या टेबलावर जेवत होते, हाताने. पातळ रश्श्यातला मासा, भात आणि त्यात जाड सालीच्या कसल्याशा लिंबाच्या फोडी. त्याचा वास कार्डावरच्या कोणत्याच प्रांताला येत नाही.

हे कोणते, मी विचारले. मियासाहेब ओशाळून उठू लागले.

“हे काही नाही, बाई. हे आमचं घरचं. सिल्हेटचं. मागवणार कोण?”

सिल्हेट हिंदुस्थानात नाही, बांगलादेशात आहे, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यांना ते माहीत होते. मग ‘मलबार’ कशासाठी? दुकान ज्याच्याकडून घेतले, त्याने पाटी आधीच रंगवून ठेवली होती. मलबारला ते कधी गेलेले नाहीत. काश्मीरलाही नाही. मद्रास कोणत्या दिशेला येते, हे त्यांनी मलाच विचारले. सतराव्या वर्षी ते बोटीने निघाले ते थेट इंग्लंडच्या धक्क्यावर उतरले. घरामागे नदी होती. पावसाळ्यात ती अंगणात यायची आणि आई चुलीसकट माळ्यावर चढायची. परत जायचे दर वर्षी ठरते.

“दर वेळी काहीतरी निघतंच, बाई.”

मी म्हणाले, मला माहीत आहे.

त्यांनी माझ्यासाठी थाळी आणली. काटा-सुरी आणली नाही, बहुधा विसरले. मी हाताने जेवले. या जेवणाची नोंद प्रवासाच्या टिपणांत केलेली नाही. ते कोणत्या प्रांतात घालावे, हे ठरवता आले नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

‘परतले’. बस बदलून, आडवाटेने, सामानासह. डोरीन दारातच उभी होती.

“या बाई, या. दमला असाल. एवढा लांबचा प्रवास.” तिने माझा कोट हातात घेऊन खोल श्वास घेतला. “अगदी तिकडचाच वास हो. खिडकीजवळची जागा मिळत होती ना?”

विमानात खिडकीजवळची जागा क्वचितच मिळते, असे मी सांगितले. ती फार समजूतदारपणे मान हलवू लागली. कातडी रापली कशी नाही, असेही तिने विचारले. मी सावलीतून चालण्याच्या शिस्तीविषयी दोन शब्द बोलले. पोस्टकार्डे का आली नाहीत, हे तिने विचारले नाही. उत्तर तयार होते.

सोमवार, २ मार्च

मेटकाफ घरी येऊन गेला. हसत होता. गुरुवारच्या व्याख्यानाला प्रमुख पाहुणे म्हणून त्याने एका हिंदुस्थानी सद्गृहस्थांना बोलावले आहे.

“म्हणजे काय, की तुमच्या माहितीवर जाणकाराचा शिक्का बसेल. आनंदच होईल ना तुम्हाला, डॉक्टर?”

मी आनंद व्यक्त केला. नाव सांगायला त्याने नकार दिला.

तो गेल्यावर बराच वेळ दिवाणखान्यात उभी राहिले. जिल्ह्याच्या इस्पितळात मद्रासचे एक शल्यवैद्य आहेत. तेच असणार. मद्रासविषयीची माझी अडीच पाने त्या माणसासमोर वाचायची आहेत, ज्याचा जन्म तेथे झाला. तीनदा वाचून पाहिली. प्रत्येक वाचनात ती अधिकाधिक मिलबर्नसारखी वाटत गेली.

आजारपणाचे कारण सांगता येईल. पण मग मेटकाफ अध्यक्ष होईल आणि मी कायमची ती बाई, जिने खाडीसुद्धा ओलांडली नाही. जाणार. वाचणार. विरामचिन्हे तरी निर्दोष आहेत.

गुरुवार, ५ मार्च

जसे घडले तसे लिहिते.

सभागृह इतके भरलेले मी कधी पाहिले नव्हते. खिडकीच्या कट्ट्यांवरही माणसे बसली होती. प्रवासवर्णनाची एवढी भूक या गावात आहे, याची मला कल्पना नव्हती. पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. मी व्यासपीठावर चढले, कागद सरळ केले आणि दार उघडले.

तोफज्जुल मिया आत आले. निळा सूट, रुंद टाय, चकचकीत बूट. मेटकाफ त्यांना हाताला धरून पुढे आणीत होता आणि माझ्याकडे पाहत होता.

शल्यवैद्य परवडले असते. शल्यवैद्याला मद्रास माहीत असते. या माणसाला मी माहीत होते. फेब्रुवारी महिनाभर मी कोठे होते, कोणत्या टेबलावर, काय खात होते, हे सर्व. मियासाहेबांनी मान लववली. मी वाचू लागले.

चाळीस मिनिटे बोलले. काश्मीरच्या कणखर केळीविषयी, पापडाच्या अग्रस्थानाविषयी, पंचा व पुदिन्याच्या प्राचीन प्रथेविषयी आणि मुख्य म्हणजे त्या एका पातेल्याविषयी, जे हिमालयापासून सिलोनपर्यंत सर्वांचे सारखे आहे. श्रोते इतके एकाग्र होते की अनेकांनी रुमाल तोंडाशी धरले होते. डोरीनचे डोळे भरून आले होते. खिडकीतला एक मनुष्य तर भावनावेग न आवरून बाहेर गेला.

प्रश्नोत्तरांना मेटकाफ सर्वांत आधी उठला. डॉक्टर म्हणतात काश्मीरमध्ये केळी होतात, तर पाहुण्यांचे काय मत, असे त्याने विचारले.

मियासाहेब सावकाश उभे राहिले. “साहेब, मी हॉटेलवाला माणूस. जास्त शिकलेलो नाही. पण तेरा वर्षं काश्मीर वाढतोय, केळ्याशिवाय एकदाही वाढलं नाही.”

“आणि मद्रास?”

“मद्रास तर डॉक्टरबाईंनी एका बैठकीत पालथं घातलं. दह्याला हात लावला नाही. बंगलोरचं विचारू नका, तिथं अजून नाव काढतात.”

“म्हणजे तुम्ही ह्यांना तिथं पाहिलंत?” मेटकाफ प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होता. “स्वतःच्या डोळ्यांनी?”

“वाढलंय की ह्या हातांनी.”

“मग ते ‘तिथं’ म्हणजे नेमकं कुठं, ते सांगाल का जरा सगळ्यांना?”

मी कागद टेबलावर ठेवले. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा स्वतः सांगावे, या विचाराने मी तोंड उघडले होते आणि ‘मिलबर्न’मधला पहिला ओष्ठ्य वर्ण तयार होता.

मियासाहेबांनी हात किंचित वर केला, गिऱ्हाइकाला थांबा म्हणतात तसा.

“सांगतो ना, साहेब. सगळंच सांगतो. कोण येतं, कुठल्या कोपऱ्यात बसतं, काय मागवतं, डोळे कशानं पुसतं आणि घरी काय सांगून येतं. मंगळवारपासून सुरुवात करू?”

पहिल्या रांगेत श्रीमती मेटकाफ विणकाम करीत होत्या. त्यांच्या सुया थांबल्या.

मेटकाफला अकस्मात खोकला आला. तो बसला. आणखी शंका नसल्याचे त्याने खोकल्यातूनच सांगितले. वारांचा तो संदर्भ मला लागला नाही. पौर्वात्य वक्तृत्वाचा अलंकार असावा.

मतदान झाले. सर्व हात वर. मेटकाफचाही, त्याचा कोपर त्याच्या पत्नीने खालून उचलून धरला होता, असे मला वाटले.

मी अध्यक्ष आहे.

आभार मानायला उठणार, इतक्यात डोरीनने ठराव मांडला. इतके सुंदर ऐकल्यावर राहवत नाही; मंडळाने नव्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानला जावे. पुन्हा सर्व हात वर. पाय घट्ट धरून ठेवणाऱ्या बुटांबद्दल मी या क्षणी चांभाराची ऋणी आहे.

सोमवार, ९ मार्च

तीन रात्री तो पंख हलताना दिसतो आहे.

राजीनामा लिहिला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. फाडला, माझी प्रकृती उत्तम आहे आणि बंगलोरनंतर तर ती सिद्धच झाली आहे. दुसरा लिहिला, ‘वैयक्तिक कारणास्तव’. त्यात काहीच सांगितलेले नाही, म्हणून तोही फाडला. तिसऱ्यात एकच वाक्य होते, आणि ते खरे होते. मला विमानाची भीती वाटते. हे वाक्य मी यापूर्वी कोठेही लिहिलेले नाही. वाचून पाहिले. व्याकरणदृष्ट्या त्यात काही दुरुस्त करण्यासारखे नाही.

उद्या समितीला देईन.

मंगळवार, १० मार्च

राजीनामा पिशवीत घेऊन निघाले. टपालकचेरीबाहेर मंडळाच्या फलकापाशी सात-आठ लोक उभे होते. मला पाहताच बाजूला झाले. नवी सूचना मेटकाफच्या हस्ताक्षरात होती.

‘मंडळाची हिंदुस्थान यात्रा. गुरुवार, २ एप्रिल. बस येथूनच सायंकाळी साडेपाचला निघेल. नऊपर्यंत परत. उत्तर, दक्षिण व सिलोन. मार्गदर्शन : अध्यक्ष डॉ. क्रॅबट्री. बंगलोर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर.’

मी सवयीने लाल पेन्सिल काढली. साडेपाचला निघून नऊला परत. एवढी ढोबळ चूक मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. पेन्सिल ‘नऊ’पाशी नेली.

तेथेच थांबले. पुन्हा वाचले. मग शेवटचे वाक्य आणखी एकदा. डोरीनची हिरवी टोपी मला कडेने दिसत होती आणि मंगळवार असूनही मेटकाफ रस्त्यापलीकडे उभा राहून स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. पेन्सिल पिशवीत परत ठेवली. ‘सायंकाळी’तला दीर्घ वेलांटीचा फराटा आखूड आला होता, तो मात्र लांबवला. मग डोरीनकडे वळून विचारले की एकंदर किती जण आहेत.

“चाळीस, बाई. सगळी बस भरली. सगळ्यांनाच यायचंय.”

पाणी उकळलेलेच प्यावे, असे मी तिला सांगितले.

शुक्रवार, ३ एप्रिल

काल गेलो.

सर्वांनी आपापल्या समजुतीप्रमाणे पोशाख केला होता. डोरीनकडे पंखा होता. श्रीमती मेटकाफ यांनी पतीसाठी रुमालांचे एक पूर्ण डझन घेतले होते आणि कोर्म्याचे टेबल कोणते, हे त्या स्वतःच दाखवणार होत्या. मियासाहेबांनी खाद्यगृह संबंध सायंकाळ आमच्यासाठी राखून ठेवले होते. पातेले दुप्पट भरले आहे, असा निरोप होता.

मी पुढच्या बाकावर, वाहनचालकाच्या मागे, ध्वनिवर्धक हातात घेऊन बसले. चढ संपला आणि बस डोंगराच्या माथ्यावर आली. खाली मिलबर्नच्या गिरणीची चिमणी दिसू लागली. मागून मेटकाफ उठला, बाकांच्या पाठी धरीत पुढे आला आणि संपूर्ण बसला ऐकू जाईल अशा आवाजात, अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याने विचारले, “अध्यक्षबाई, हीच का हो ती सरहद्द?”

चाळीस माणसे पुढे झुकली. डिसेंबरात याच आवाजाने मला खाडीविषयी विचारले होते. मी त्याच्याकडे पाहिले. त्याच्या एका मिशीचे टोक किंचित थरथरत होते; त्या पंखासारखे नव्हे, वेगळे.

मी ध्वनिवर्धक तोंडाशी नेला.

“नाही, मेटकाफ. सरहद्द पुढे आहे, पेट्रोल पंपाच्या वळणावर. जागेवर बसा. आणि सर्वांनी घड्याळे साडेचार तास पुढे करा. साडेपाच नव्हे; आपल्याकडे उन्हाळी वेळ सुरू झाली आहे.”

बसभर किल्ल्या फिरवल्याची बारीक किरकिर सुरू झाली. मेटकाफने आपले घड्याळ माझ्यापुढे धरले. मी तपासले. दोन मिनिटे मागे होते. तेही दुरुस्त करून घेतले.